कल्हई उडाल्यावर

मी एक जुने पितळी पातेले आहे, मित्रांनो. माझ्यात पन्नास-साठ संत्र्यांचा रस सहज मावतो. बाहेरून मी अजून लख्ख दिसते, पण त्यावर जाऊ नका. माझ्या हातून एकदा एका मुलीचा जीव धोक्यात आला होता. तेच सांगायला आज मी बोलते आहे.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. हजारो ठोके खाऊन मला आकार आला. मग तांबटाने मला तापवले आणि आतून कथिलाचा पांढराशुभ्र थर दिला. त्यालाच कल्हई म्हणतात. मला विकत घ्यायला एक पोस्टमन आणि त्यांची बायको आली होती. त्यांच्या घरामागे संत्र्याची तीन झाडे होती आणि लिंबाचे एक. तांबटाने त्यांना बजावले, "यात आंबट करणार ना? मग दर वर्षी कल्हई करून घ्या. आतून पिवळं दिसायला लागलं, की आंबट घालायचं नाही. कळकतं, पितळ त्यात उतरून विषारी होतं. पोटात गेलं तर बाधतं."

ती दोघे हे कधी विसरली नाहीत. हंगामात झाडे अशी लगडत, की शेजारी आधी आनंदाने फळे घेत आणि नंतर टोपली दिसली की दार लोटून घेत. उरलेली सगळी माझ्या वाट्याला येत. बाई साली केसासारख्या बारीक चिरायच्या, बियांची पुरचुंडी बांधून रसात सोडायच्या, आणि सालीसकट मुरंबा माझ्यात तासन्‌तास रटरटायचा. लिंबांचे सरबत बाटल्यांत भरले जायचे. बाई म्हणायच्या, "या पातेल्याच्या जिवावर मी एक फळ वाया जाऊ देत नाही." मला तेव्हा आकाश ठेंगणे वाटे.

मग बाई गेल्या. मी माळ्यावर गेले. माझ्यात कांदे-बटाटे राहिले, पुढे कोळसे राहिले. त्यांची काजळी खरवडून काढताना कल्हईही निघाली. गल्लीत येणारा कल्हईवाला केव्हाच यायचा थांबला होता. पोस्टमन आता घरातले आजोबा झाले होते, आणि एका सकाळी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. शब्द डोक्यात असत, जिभेवर येत नसत.

यंदा झाडांनी कहर केला. फळे गळून सडू लागली, त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंगावू लागल्या. घरात सूनबाई शाळेचे गणवेश शिवायच्या, मुलगा मालगाडी घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असे. त्यांची सात वर्षांची मुलगी, टिल्ली, नुकतीच तापातून उठली होती. डॉक्टरांनी तिला सारखे काहीतरी पातळ पाजायला सांगितले होते. सूनबाईंनी ठरवले, संत्र्यांचा टिकाऊ रस करून ठेवायचा. त्यांनी मला माळ्यावरून काढले आणि लिंबाच्या साली व मीठ लावून आतून-बाहेरून लख्ख घासले. शेजारीण म्हणाली, असे भांडे हल्ली बघायला मिळत नाही. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कौतुक ऐकून मला लपावेसे वाटले; आतून मी पिवळे झाले होते.

सकाळभर राबून त्यांनी साठ संत्री पिळली. रसात साखर घातली, साली घातल्या, मुरायला म्हणून झाकण ठेवले आणि त्या शिलाई मशीनवर बसल्या. रस मला चावू लागला. माझ्या अंगातले काहीतरी त्यात उतरत होते. पहिला तास गेला, दुसरा गेला. काठाशी हिरवट कड दिसू लागली. मी ओरडू शकत नव्हते. शेजारच्या खुर्चीत आजोबा डोळे मिटून बसले होते.

तिसऱ्या तासाला टिल्ली पेला घेऊन आली. आईला मशीनवरून कशाला उठवायचे, असे तिला वाटले असावे. तिने झाकण सरकवले, पेला बुडवला आणि दोन घोट घेतले. "आजोबा," तोंड वाकडे करत ती म्हणाली, "नाणं चोखल्यासारखं लागतंय."

आजोबांनी डोळे उघडले. काठीवर भार देत ते माझ्यापाशी आले आणि त्यांनी आत डोकावले. काठाची हिरवट कड त्यांना दिसली. "न... नको," एवढेच बाहेर आले. टिल्लीला वाटले, त्यांना रस नको आहे. तिने पेला पुन्हा तोंडाला लावायला उचलला. तेव्हा आजोबांनी काठी टाकली आणि डाव्या हाताने आधी पेला उडवला, मग मला ओट्यावरून ढकलून दिले.

आवाज ऐकून सूनबाई धावत आल्या. स्वयंपाकघरभर रस वाहत होता. "बाबा, सकाळपासून राबतेय मी," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता. आजोबांनी त्यांचा हात धरला, वाकून त्यांचे बोट माझ्या आतल्या तळावर टेकवले. "पि... पिवळं," ते म्हणाले. सूनबाईंना काही उमगेना. तेवढ्यात टिल्ली भडभडून ओकली.

त्या तिला कडेवर घेऊन तशाच अनवाणी दवाखान्याकडे पळाल्या. मी आडवे पडून होते, एका बाजूला पोचा आलेले, चिकट. आजोबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. उन्हाची तिरीप दारातून सरकत भिंतीवर चढली, तरी कोणी आले नाही. फाटकाचा जरा आवाज झाला, की आजोबा मान वर करत. मी मनात एकच म्हणत होते, दोनच घोट होते, दोनच.

तिन्हीसांजेला त्या परतल्या. टिल्ली आईच्या खांद्यावर मान टाकून होती, पण डोळे उघडे होते. डॉक्टर म्हणाले होते, थोडक्यात निभावले. आधीच अशक्त झालेल्या पोरीने पेला संपवला असता तर अवघड होते.

सूनबाई आजोबांच्या शेजारी खालीच बसल्या. "मला माहीतच नव्हतं, बाबा. कुणी सांगितलंच नाही."

आजोबांना एक-एक शब्द ओढून काढावा लागला. "मी... सांगायचं... राहिलं."

उरलेली संत्री सूनबाईंनी स्टीलच्या डब्यात शिजवली. मुलगा मला दूरच्या गावी नेऊन कल्हई करून घेऊन आला. आता दर वापराआधी त्या मला खिडकीपाशी उजेडात नेतात, आत बोट फिरवतात आणि टिल्लीलाही फिरवायला लावतात. पण माझी धास्ती गेलेली नाही. दर वेळी आंबट पडले, की ते मला चावू लागते का, याची मी घाबरत घाबरत वाट पाहते.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी जपा, वापरण्याआधी त्यांच्या आत बघा. आणि आणखी एक करा. तुमच्या घरात ज्यांना हे सगळे ठाऊक आहे, त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा आणि विचारून घ्या. त्यांना बोलता येते आहे, तोवरच.