अनिलकुमारच्या पोटाची चौकशी

औरादचे निवृत्त पोस्टमास्तर तुळजाराम यांचा जन्मभर एकच नियम: पत्र आलं की उत्तर जायलाच पाहिजे. म्हणून २००६ साली ‘औरादकर मंडळा’च्या ईमेल-यादीवर लिंडा नावाच्या बाईनं केस उगवायच्या तेलाची जाहिरात धाडली, तेव्हा महानंदाच्या इंटरनेट केंद्रात बसून त्यांनी रीतसर कळवलं, ‘लिंडाबाईंस नमस्कार. टक्कल वडिलोपार्जित आहे, त्यास धक्का लावू इच्छित नाही. कळावे.’

उत्तर दोनशे चौदा औरादकरांना गेलं. लिंडाला आनंद झाला असावा. आठवड्यात तिनं आणखी सतरा जाहिराती धाडल्या.

यादी सांभाळणाऱ्या धनराजचा पुण्याहून फोन आला. “काका, कामून उत्तरं द्यायलाव? जाहिरात आली की पुसून टाकायची. आणखी एक उत्तर गेलं तर तुमचं नाव काढावं लागंल.”

“पुसायची? न वाचता?”

“वाचून पुसा. पण गप बसा.”

तुळजाराम गप बसले. नाव जाऊन चालणार नव्हतं. मुलगा अनिलकुमार न्यू जर्सीला. बापाला फोन दिवाळीलाच, पण यादीवर क्रिकेटबद्दल, बर्फाबद्दल दोन ओळी टाकायचा. तेवढ्यासाठी ते रोज केंद्रात यायचे. चार महिने त्याही आल्या नव्हत्या.

एका मंगळवारी महानंदा म्हणाली, “मास्तर, अनिलकुमारचं आलंय.” मग तिचा चेहरा पडला. पडद्यावर इंग्रजीत होतं: प्रिय मित्रा, दहा दिवसांत पोट कमी करा, गोळ्या आजच मागवा.

“जाहिरात हाय. पुसू?”

“नाव कुणाचं हाय?”

“त्याचंच. पण त्याच्या खात्यात कुणीतरी शिरलंय.”

“शिरलंय? मग हा कुठं राहायलाय?”

“तसं न्हाई, मास्तर. हे त्यानं लिवलंच न्हाई.”

“आन उत्तर दिलं तर कुणाला जातंय?”

“सगळ्यांना. त्याला बी.”

तुळजारामांनी बराच वेळ टक्कल खाजवलं. काहीच उलगडलं नाही.

“लिही,” ते म्हणाले. ‘चि. अनिलकुमारास आशीर्वाद. पोट कधी सुटलं? आम्हांस मित्र म्हणालास, बरं वाटलं. गोळ्या खाऊ नये, ज्वारीची भाकरी खावी. इकडे सर्व क्षेम.’

संध्याकाळी यादीतून तुळजारामांचं नाव गेलं. दुसऱ्या दिवशी घरचा फोन वाजला.

“अप्पा, ते म्या लिवलं न्हाई! सगळं औराद माझ्या पोटाचं विचारायलंय!”

“बरं. आन आता कोण बोलायलंय?”

“मीच की!”

“नक्की?”

“व्हय, अप्पा.”

तुळजारामांनी खुर्ची फोनजवळ ओढली आणि ऐसपैस बसले.

“मग सांग. पोट कसं हाय?”