गॉल्टसाहेबांना पडलेलं मत

मर्विन गॉल्ट तेरा वर्षं लंडनच्या पार्लमेंटात खासदार होते आणि तेरा वर्षांत त्यांना एकही मत पडलं नव्हतं. खोटं नाही सांगत. उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टरमधला तो युनियनिस्टांचा, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंटांचा, हुकमी मतदारसंघ. दर खेपेला अर्ज यायचा एकच, गॉल्टसाहेबांचा. तीन वाजले की अधिकारी 'बिनविरोध' म्हणायचा आणि मंडळी चहाला मोकळी. पार्लमेंटात साहेबांनी तोंड उघडलं ते एकदाच, खिडकी लावून घ्या म्हणायला. त्याचं त्यांना काही नव्हतं. पण त्यांची बायको आयना पाहुण्यांना सोडा ब्रेड वाढता वाढता सांगायची, की आमच्या ह्यांना अजून कुणी मत म्हणून दिलेलं नाही. हे मात्र साहेबांना फार लागायचं. आपण खरंच कुणाला हवे आहोत का, एवढं मरायच्या आत त्यांना कळायला हवं होतं.

म्हणून यंदा त्यांनी गुरांचे डॉक्टर फेलिम मॅकगर्क यांना गळ घातली, की माझ्याविरुद्ध उभे राहा. मॅकगर्क कॅथलिक, कट्टर नॅशनॅलिस्ट, म्हणजे ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक व्हावं म्हणणारे. पण गॉल्टांच्या अडलेल्या गाईंची बाळंतपणं तेच करायचे. नाही-होय करत ते तयार झाले.

अर्जाला दहा मतदारांच्या सह्या लागतात. तीनला पाच मिनिटं उरली तरी मॅकगर्कांकडे नऊच. दहावा गडी गुरांच्या बाजारात अडकलेला. साहेबांच्या पक्षाची माणसं यंदाही बिनविरोधच म्हणत टोप्या चढवून निघालीसुद्धा. साहेब पुढे झाले आणि विरोधकाच्या अर्जावर त्यांनी स्वतःची सही ठोकली. पक्षाच्या चिटणीसाला खुर्चीत बसवून पाणी पाजावं लागलं.

मतमोजणी कोर्टाच्या इमारतीत झाली. गॉल्ट एकोणतीस हजार, मॅकगर्क बारा हजार. साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

"डॉक्टर, एकोणतीस हजार माणसांना मी हवा आहे हो," ते कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाले.

"हुरळू नका. तुमच्या युनियनिस्टांचा नारिंगी पट्टा बांधून तुमची गाय उभी केली असती, तरी तेवढीच पडली असती. ती मतं मला पाडायला होती."

साहेबांचा चेहरा उतरला. खरंच होतं ते. मॅकगर्कांनी उगाचच टोपी काढून पुन्हा घातली.

"त्यातलं एक मात्र तुमचं आहे," ते म्हणाले. "माझं. माझ्या अर्जावर सही करणाऱ्याला नाही द्यायचं, तर कुणाला?"

घरी आयनाने विचारलं, किती पडली.

"एक," साहेब म्हणाले, आणि अशा तोऱ्यात खुर्चीत बसले, की तिने सोडा ब्रेडचा पहिला तुकडा त्यांच्याच पुढे ठेवला.