जुनी सिस्टिम आणि चुडामणची घोडी

जुनी राजवट उलथवणं कुणालाही जमतं. तिचा मागमूस पुसायला मात्र पोलादी मनगटाचा, इतिहासाला न भिणारा पुरुष लागतो. गुरुवारी जेवण झाल्यावर मी बनियनवर, दुखऱ्या दाढेखाली लवंग धरून, कॉम्प्युटरपुढे बसलो.

राजवट, म्हणजे कॉम्प्युटरची जुनी सिस्टिम, दुसऱ्या हार्ड डिस्कवर होती. माझा पुतण्या चंदन शहाद्याला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. दिवाळीत त्याने नवी डिस्क बसवून तिच्यावर नवी सिस्टिम घातली आणि जुनी डिस्क जुन्या सिस्टिमसकट तशीच आत ठेवली. तेव्हापासून यंत्र सुरू केलं की पडदा विचारी, जुन्यात जायचं की नव्यात? चष्मा सापडेपर्यंत ते आपल्या मनाने जुन्यात शिरे आणि अपडेट करत बसे. आज पाहुण्यासमोर हा तमाशा नको होता.

पाहुणा म्हणजे दोंडाईच्याचा मोतीलाल. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली होती आणि तो शेजारच्या चुडामणचं शिंगरू बघायला येणार होता. शिंगराला अजून चाल फुटली नव्हती. अशा वेळी जाणता माणूस आईची चाल बघतो. आई, म्हणजे बिजली, पावसाळ्यात गेली. ती चालायला लागली की पाठीवर बसलेल्या चुडामणच्या तळहातावरची भरली वाटी हिंदकळत नसे, असं चुडामण सांगे आणि गाव हसे. पुरावा एकच होता, एक व्हिडिओ. चुडामणचा जुना फोन घोड्यांच्या हौदात बुडाल्यापासून तो व्हिडिओ फक्त माझ्या यंत्रात, जुन्या डिस्कवर होता.

"आप्पा, बिजली त्या डब्बामा शे. सांभाळीसन," चुडामण मागे उभा राहून म्हणाला.

"अरे, आधी तिला नव्या डिस्कवर नेतो, मग जुनं पुसतो. मी काय येडा आहे?"

तो माझ्या खुर्चीला आणखी चिकटून उभा राहिला.

मी व्हिडिओ नव्या डिस्कवर उतरवला आणि चालवून दाखवला. चुडामणने आपला मोबाइल काढला आणि पडद्याचंच शूटिंग करायला लागला.

"हे काय? नवरदेव समोर असताना आरशातला फोटो काढतोस?"

"मन्हा इश्वास नही त्या डब्बावर."

"डब्ब्यावर की माझ्यावर?"

"तुम्ही दोन्ही एकाच वयना."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती कोकिळाबाईंचा आवाज आला, "अहो, चहा टाकू का?"

"थांब!" मी ओरडलो. अशा वेळी चहा नसतो.

मग मी जुनी डिस्क निवडली. पडद्याने विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की? मी हो म्हटलं. हिरवी पट्टी सरकू लागली. मधे एका जागी ती अडली, तेव्हा चुडामणने माझा खांदा असा आवळला की लवंग गिळली गेली. पट्टी पुढे गेली. संपली. मी विजयी मुद्रेने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा. वर इंग्रजीत एक पांढरी ओळ, तिचा अर्थ असा की सुरू करण्यासारखं इथे काही नाही.

पुन्हा केलं. तेच.

"कोठे शे मन्ही घोडी?" चुडामणने काळ्या पडद्यावर बोट ठोकलं.

मी चंदनला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"काका, मला विचारलं का नाही?"

"तू नको म्हणाला असतास."

"नवी सिस्टिम आत सुखरूप आहे. घोडीपण आहे. पण ती नवी रोज जुन्या डिस्कमधूनच सुरू व्हायची. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्यालाच तुम्ही घालवलं."

"मग तू ये!"

"गिऱ्हाईक आहे. संध्याकाळ होईल. तोवर कशाला हात लावू नका."

बाहेर मोटरसायकल थांबली. चुडामण माझ्याकडे पाहत म्हणाला, "एकदाव मरनी ती. आते तुम्ही दुसरांदाव मारी."

मोतीलाल आत आला, काळ्या पडद्याकडे बघून खुर्चीवर टेकला. यात्रेत त्याला आणखी दोन शिंगरं बघायची होती. "दखाडा," एवढंच म्हणाला.

मी घसा साफ केला. यंत्राची प्रकृती, विजेचा दाब, असं काहीतरी सुरू करणार, तोच चुडामणने मान खाली घालून मोबाइल पुढे केला.

मोतीलालने तो डोळ्यांजवळ धरला. वाकडा पडदा, त्यात माझं टक्कल आणि टकलावरून चालत येणारी बिजली.

"पाय कोठे शेतस?"

"मन्हा अंगठाखाले," चुडामण पुटपुटला.

शूटिंग करताना त्याचा अंगठा खालच्या अर्ध्या भागावर आला होता. चाल बघायला आलेल्या माणसाला आम्ही बिनपायाची घोडी दाखवत होतो. मोतीलालने मोबाइल खाली ठेवायला हात नेला आणि मधेच थांबवला. परत वर घेतला. आता तो पाठीवरच्या चुडामणच्या तळहातातल्या वाटीकडे बघत होता. बिजली पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वाटीतल्या पाण्याने काठ सोडला नाही. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा.

"शिंगरू मी लई जास," मोतीलालने घेऊन जायचं कबूल केलं.

चुडामण मटकन खाली बसला.

"पन एक गोठ शे."

आता काहीतरी अट येणार म्हणून तो पुन्हा उठला. मोतीलालने व्हिडिओचा आवाज वाढवून मोबाइल आमच्यापुढे धरला.

"ह्या वहिनी चहानं इचारी ऱ्हायन्यात. आते टाका म्हना. साखर कमी."