अकराच्या खबरा

"आई, कोणी सत्यभामाबाई वारल्या म्हणे. उद्या दहाले माती हाय." मोबाईल पदराला पुसत रिता स्वयंपाकघरात आली.

जनाबाई कढईत पातोड्या सोडत होती. सुनेचे बोलणे ऐकूनही तिचा हात थांबला नाही. "कोणाचा फोन होता?"

"कोण जाणे. पोरगा होता कोणी, नंबर सेव्ह नाही. एवढंच बोलला अन् ठेवला. घाईत होता."

"मोहाडीची असन. आपल्या राजकुमारसंग धानाचा धंदा करते ना तो भैय्याजी, त्याची सासू. सत्यभामाच नाव हाय तिचं. चार महिने झाले, खाटेवर पडून होती." जनाबाईने तेलाचा हात तसाच कपाळाला लावला. "सुटली बापडी."

"जाव लागन का?"

"आपल्याले कायले? धंद्यातल्या मानसाची सासू. राजकुमार जाईन तेरवीले."

विषय तिथेच मिटला. मोहाडीच्या म्हातारीसाठी आंधळगावात कोण उपाशी राहणार? त्या संध्याकाळी जनाबाई नेहमीपेक्षा दोन पातोड्या जास्तच जेवली. पुढे कितीतरी दिवस तिला हे आठवायचे होते आणि घास तोंडात फिरायचा होता.

सकाळी शेळी व्याली. दोन पिल्ले, एक काळे कुळकुळीत आणि एक कपाळावर पांढरा ठिपका असलेले. जनाबाईच्या गुडघ्याला कालच नवा पट्टा आला होता, तो बांधून ती गोठ्यात तीन वेळा जाऊन आली. त्यावर कळस म्हणजे नऊ वाजता भंडाऱ्याहून नातीचा, गुंजनचा फोन आला. नर्सिंग करून बसलेल्या पोरीला नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचे होते.

"शेजारी सांगून येऊ का?" रिताने विचारले.

"थांब वं, एवढी कायची घाई! पहिलं भुजलीले सांगतो मी. मंग गावाले सांग, नाहीतर दवंडी पीट."

ही भुजली दिघोरीला होती, लाखांदूरकडच्या. दोघींचे माहेर एकच, नाकाडोंगरी. राखीच्या दुसऱ्या दिवशी, टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब घेऊन पोरी तळ्यावर जातात. तिथे ज्या दोघी एकमेकींच्या कानात ते कोंब खोवतात, त्या जन्माच्या भुजल्या होतात. मग एकमेकींचे नाव घ्यायचे नाही, मरेपर्यंत. नाव घेतले तर नाते तुटते म्हणतात. एकीच्या घरी मयत झाली तर दुसरीने माती होईपर्यंत चूल पेटवायची नाही. सख्ख्या बहिणींनाही एवढे नियम नसतात.

भुजल्या झाल्या तेव्हा जनाबाई चौदा वर्षांची होती आणि भुजली तेरा. भुजलीचे माहेरचे नाव कौसल्या. लग्नात सासरच्यांनी ते बदलले. काय ठेवले, ते जनाबाईने त्या दिवशी कानावरून जाऊ दिले आणि पुढे पन्नास वर्षांत तिला त्याचे काही कामच पडले नाही. नाव लागते हाक मारायला, आणि हाक तर केव्हाच ठरून गेली होती.

मोबाईल आल्यापासून रोज अकराला फोन. एक दिवस हिने लावायचा, एक दिवस तिने. बारी कोणी मोडायची नाही. बोलणे तरी काय असणार! कोंबडी कोणत्या कोपऱ्यात अंडी घालून राहिली, कोणाची कंबर धरली, कोणाच्या पोराचे जमले, मांजरीने पिल्ले कुठे नेऊन ठेवली. ऐकणाऱ्याला वाटावे, या दोन बायांना काही काम नाही. पण राजकुमारचा बाप गेला त्या वर्षी जनाबाई जी जगली, ती या अकराच्या फोनवर जगली. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. भुजलीला तर मुळीच नाही. ती डोक्यावर बसली असती.

आज बारी भुजलीची होती.

अकरा वाजले. जनाबाई मोबाईल मांडीवर घेऊन ओसरीत बसली. मनात तिने खबरा रचून ठेवल्या होत्या. आधी पट्टा, मग शेळी आणि शेवटी गुंजन. मोठी खबर शेवटी सांगायची, म्हणजे पलीकडून कशी किंचाळी येते ते ऐकता येते.

साडेअकरा झाले. फोन वाजला नाही.

"तुमीच लावा ना, आई," रिता म्हणाली.

"कायले? बारी तिची हाय."

"अवो, कामात असतीन."

"अन् मी काय इथं बसून माश्या मारून राह्यली?"

बारा वाजले. जनाबाई फुरंगटून बसली. काल बोलताना आपण तिच्या पोराला, प्रविणला, कामचुकार म्हटले ते तिला झोंबले की काय? झोंबू दे. खोटे थोडेच होते? रिताने ताट वाढले, तिने ते सरकवले. सवा वाजता मात्र तिचा जीव राहिना. पासष्ट वर्षांच्या बाईने रुसावे तरी किती! तिने फोन लावला. लावतानाच पहिले वाक्य तयार होते, "मेली का वं?"

बरे झाले, ते तोंडातच राहिले. फोन प्रविणने उचलला.

"मावशी, कुठंवर आल्या?"

"कुठंवर म्हंजे? घरीच हावो मी. तुझ्या मायले दे फोन."

पलीकडे खूप माणसांचा आवाज येत होता, बादल्या वाजत होत्या.

"मावशी, आमी आता घाटावरून आलो. तुमची बारा वाजेपरेंत वाट पाह्यली. वाटंतच असान म्हणून फोन नाही केला, दहाची माती लांबवली. मोठी मावशी म्हणे, भुजलीच्या हातचं पाणी तोंडात पडल्याबिगर उचलू नोका. काल आमच्या शेजारच्या धनंजयनं फोन करून सांगतलं नाही का तुमाले? मी त्याले डायरीतून तुमच्या सुनेचा नंबर देल्ला होता. कोण वारलं, कधी माती, सगळं सांगतलं म्हणे त्यानं."

जनाबाईच्या हातून फोन पडला नाही. तो तिने नीट बंद केला आणि रिताकडे पाहिले.

"काल काय नाव सांगतलं वं तू?"

"सत्यभामाबाई," रिता म्हणाली. आणि सासूचा चेहरा पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

काल सांजेला खबर या घरात आली होती. तेव्हाच उठली असती तर रात्रीच दिघोरीत असती. अकराला बारीचा हट्ट सोडून फोन लावला असता, तरी प्रविणने थांबवून धरले असते. दोन वेळा दार वाजले आणि दोन्ही वेळा तिनेच कडी लावली. "मी जेवली वं रिता," ती पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होती, "पोटभर जेवली मी."

राजकुमारने मोटारसायकल काढली. आंधळगावहून भंडारा, तिथून पुढे लाखांदूरचा रस्ता. वाटेत तो चहासाठी थांबला, पण ती उतरली नाही. गुडघ्याचा पट्टा तिने घरीच सोडून ठेवला होता.

दिघोरीला पोहोचेपर्यंत ऊन कलले होते. अंगण धुऊन झाले होते. बायांनी तिला पाहून एकदा हंबरडा फोडला आणि मग तोंडे फिरवली. ते तोंड फिरवणेच जनाबाईला जास्त लागले. भुजलीची मोठी बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बारा वाजेपरेंत ठेवली होती तुह्यासाठी," ती म्हणाली. "आंगाले मुंग्या लागाले आल्या. काहून नाही आली?"

जनाबाईला खोटे बोलता आले असते. गाडी मिळाली नाही, पोरगा घरी नव्हता, फोनच आला नाही. कोणी शहानिशा करायला आंधळगावला येणार नव्हते.

"खबर काल सांजेलेच आली होती, बाई. मले तिचं नाव माहीत नव्हतं. दुसरी कोणी समजली मी."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणीतरी "अगं माय!" म्हटले. पन्नास वर्षांची भुजली, रोजचे बोलणे आणि नाव माहीत नाही! जनाबाई मान खाली घालून बसली. तिला वाटले, त्यांनी अजून बोलावे.

थोड्या वेळाने आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. तुलाराम, भुजलीचा नवरा. भुजलीचा नवरा म्हणजे जेठाच्या, थोरल्या दिराच्या जागी. त्याच्यासमोर डोक्यावरून पदर, आणि बोलणे तर नाहीच. पन्नास वर्षांत दोघांमध्ये एका शब्दाची देवाणघेवाण झाली नव्हती. तो दारापर्यंत आला, चौकटीला धरून उभा राहिला. प्रविण त्याला धरायला उठला, त्याला म्हाताऱ्याने हातानेच बसवले. मग तो जनाबाईकडे न पाहता, अंगणाकडे पाहून बोलू लागला.

"आज तिची बारी होती."

जनाबाईने पदर पुढे ओढला.

"काल तुमचा फोन झाल्यावर दवाखान्यात गेली होती. दुपारी रिपोर्ट घेऊन आली. मी म्हटलं, आताच सांग तुह्या भुजलीले. तं म्हणे, नाही, आजची बारी झाली तिची. उद्या माह्या बारीले सांगीन." तो थांबला. त्याला दम लागला होता. "मंग चाराले छातीत दुखाले लागलं."

त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसले.

"तिच्या खबरा सांगतो मी," तुलाराम म्हणाला. "तिनं मले आयकवून ठेवल्या होत्या. प्रविणच्या गुड्डीचा पुढचा दात पडला, तो तिनं छपराच्या कवेलूवर फेकला. मांजरीनं पिल्लं धानाच्या कोठीत नेली."

"हूं," जनाबाई म्हणाली. तिने पुन्हा म्हटले, "हूं."

"चुलतसासूच्या नातीचं जमलं, पवनीले. अन् शुगर..." म्हाताऱ्याने चौकटीवरची पकड घट्ट केली. "शुगर एकशेतीसवर आली. लय खूश होती. म्हणे, भुजली खोटंच म्हणन, म्हणून तिनं रिपोर्ट फेकला नाही. मांडणीवर हाय."

"हो का!" जनाबाई म्हणाली, फोनवर म्हणायची तसेच, शेवट उंच ओढून. "बरं झालं वं बाई, लय बरं झालं."