कपाटात राहिलेला रिट्रॅक्टर

मित्रांनो, मी ऑपरेशनच्या खोलीतला एक जुना रिट्रॅक्टर आहे. नावाला घाबरू नका. मी कापत नाही. पोट उघडले की जखमेच्या कडा दोन्ही बाजूंना ओढून धरायच्या, एवढेच माझे काम.

स्वादुपिंड पोटात पार मागे दडलेले असते. तिथली कर्करोगाची गाठ काढायला मोठा छेद घ्यावा लागे आणि मी तासन्‌तास ठाण मांडून बसे. डॉक्टरीणबाई म्हणत, "हा आहे म्हणून मला आतलं दिसतं." मी फुशारून जाई. पण कधीकधी रोग सगळीकडे पसरलेला दिसे. मग त्या पोट तसेच शिवून टाकत. त्या माणसांची ऊब माझ्या अंगावरून अजून जात नाही.

मग पोटात घालायचा बारीक कॅमेरा आला; आतले सारे टेबलासमोरच्या पडद्यावर दिसू लागले. चार-पाच बारीक भोकांतून तेच काम होऊ लागले. रक्त कमी जाई, दुखणे कमी, माणूस लवकर चालू लागे. मी खट्टू झालो, पण खोटे कशाला बोलू? काम चोख होते. इतके चोख, की मला निर्जंतुक करून टेबलाजवळ ठेवण्याची पद्धतच हळूहळू सुटली.

एकदा तशीच गाठ असलेला एक शिंपी आला. "बाई, भोकांवरच भागवा हं. मोठी शिवण पडली तर माझ्या धंद्याची अब्रू जाईल," तो हसत म्हणाला.

"प्रयत्न करते. पण अडलं तर उघडीन," बाई म्हणाल्या.

गाठ सुटत आली आणि मागची शीर फाटली. पडदा लाल झाला. "उघडायचं! मोठा ट्रे द्या!" बाई ओरडल्या. पोट उघडायच्या हत्यारांचा तो ट्रे तयार नव्हता. मी शेजारच्या खोलीतल्या कपाटात होतो, निर्जंतुक न केलेला, धूळ खात. बाईंनी छेद घेतला, मदतनिसांनी नुसत्या हातांनी कडा धरल्या. हात सारखे निसटत होते. शीर सापडली तेव्हा फार उशीर झाला होता.

बाहेर शिंप्याची थोरली बहीण उभी होती. "भोकं तर एवढीशीच पाडणार होतात ना?" तिने विचारले.

"हो, ताई," बाई म्हणाल्या. "पण उघडायची वेळ येईल, हे मी धरून चालले नाही."

आता मी रोज टेबलाजवळ असतो आणि बहुतेकदा न लागताच परत जातो. त्याचे मला बरेच वाटते. तरी पडदा उजळला, की तो हसणारा शिंपी मला दिसतो.

मित्रांनो, नवे ते खुशाल वापरा. जुन्याला फक्त हाताशी असू द्या. त्या दिवशी मी भिंतीपलीकडेच होतो.