चुन्याचे दोन हात

त्या वर्षी नदी आमच्या गल्लीत तिसऱ्यांदा शिरली आणि चार दिवस मुक्काम करून गेली. पूर्वी ती दहा वर्षांतून एकदा यायची. थोरले दीर अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. दर पुरात जाऊबाई आणि मी त्यांना फळीवर बांधून माळ्यावर चढवायचो. या खेपेला फळी निसटली, ते गळ्यापर्यंत पाण्यात गेले. पुढच्या पुरात आमच्या हातून ते उचलले जाणार नाहीत, हे दोघींनाही कळून चुकलं होतं.

पाणी ओसरलं आणि बातमी आली. दूरच्या श्रीमंत देशांच्या धुरानं हवा बिघडली, म्हणून ते देश टेकडीवर चाळीस घरं बांधून देणार. त्यांची माणसं पाहणीला येणार.

जाऊबाईंनी पदर खोचला. "परकी माणसं दारात येणार आणि आपण त्यांना चिखल दाखवायचा? शोभेल का गं?"

भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ होती. आम्ही ती घासली, वर चुन्याचे दोन हात दिले. जाऊबाई शिवणकाम करतात. त्यांनी मशीन खोलून रॉकेलनं गंज काढला.

शेजारच्या अजगरानं, दिवसभर लोळतो म्हणून आम्ही त्याला अजगरच म्हणतो, ओट्यावर कूस बदलली. "वहिनी, कशाला घासताय? नदी काय पत्ता विसरलीय?"

"तू लोळ बाबा. तुझ्या घरी कोण येतंय!"

पाहणीला आलेली बाई फार नम्र होती. चपला काढून आत आली. दुभाष्यानं विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं?"

जाऊबाईंनी छातीवर हात ठेवला.

"खूण?"

"पुसली की! घर आहे ते."

मशीनचं विचारलं, तर जाऊबाईंनी हौसेनं चालवून दाखवलं. बाईनं कागदावर लिहिलं. दुभाष्या म्हणाला, "किरकोळ नुकसान."

"अहो, माझा नवरा बुडत होता!"

"मॅडम म्हणतात, चूक आमच्या देशांची आहे, आम्हाला मान्य आहे. पण खुणेशिवाय घर देता येत नाही."

"म्हणजे धूर मान्य आणि पाणी अमान्य?"

दुभाष्यानं हे तिला सांगितलंच नाही.

यादीत अजगराचं नाव लागलं; त्याच्या भिंतीवरची रेघ तशीच होती. तो आम्हाला घेऊन कचेरीत गेला. "माझं घर दादांना द्या. मी काय, कुठेही लोळेन." कारकून म्हणाला, नाव बदलता येत नाही. मग जाऊबाईंकडे बघून समजुतीनं म्हणाला, "पुढच्या वेळी पाणी आलं, की भिंत पुसू नका, मावशी."

घरं बांधून झाली. टेकडीवर जाण्याआधी अजगरानं तीन माणसं जमवली आणि दिरांना माळ्यावर उचलून ठेवलं. नदी कधी येईल, नेम नाही. आली तर उचलायला आता शेजारी कुणी नाही. दोन महिने झाले, ते वरच आहेत. दुपारी पत्रा तापतो. जाऊबाई ओला कपडा घेऊन शिडी चढतात, त्यांचं अंग पुसतात.

"खाली कधी नेणार?" ते रोज विचारतात.

"नेऊ हं," जाऊबाई म्हणतात आणि कपडा पुन्हा भिजवायला खाली येतात.