पाय न ठेवता घरात

इस्पितळाच्या मुख्य दाराशी जी जुनी चाकांची खुर्ची दिसते ना, मित्रांनो, ती मी. एका कारखान्यात माझ्या लोखंडी नळ्या वाकवल्या, चाके बसवली आणि मी थेट येथे आले. बऱ्या झालेल्या माणसांना वॉर्डातून दारापर्यंत पोहोचवायचे, हे माझे काम. कुणी कुशीत बाळ घेऊन बसे, कुणी मांडीवर फुगलेली पिशवी. एका आजोबांनी तर उतरताना माझा हात थोपटला होता. पुढे नव्या खुर्च्या आल्या. माझी बैठक उसवली, एक चाक कुरकुरू लागले आणि मी जिन्याखाली पडून राहिले.

एके दिवशी नव्या खुर्च्या कमी पडल्या, म्हणून वॉर्डातल्या मामांनी मला बाहेर काढले. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना घरी सोडायचे होते. त्यांच्या पायाला प्लास्टर होते. "दीड महिना हा पाय जमिनीला टेकवायचा नाही," डॉक्टरांनी बजावले होते. ताई एकट्या राहत, तेही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. "जाईन कशीतरी," असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण माझे हात त्यांनी घट्ट धरले होते.

दारात त्यांची धाकटी बहीण उभी होती. आईच्या शिलाई मशीनवरून दोघींचे बिनसले होते आणि कित्येक वर्षे अबोला होता.

"माझ्याकडे चल, तळमजल्यावरच आहे घर," धाकटी म्हणाली.

"तुझ्या घरात पाय ठेवणार नाही, असं सांगितलंय मी."

"मग नको ठेवूस! डॉक्टरही तेच म्हणतायत. खुर्चीतूनच आत ये."

मामा फिसकन हसले. ताईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले, मग प्लास्टरकडे पाहिले. ओठ दाबले, तरी हसू फुटलेच, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"मशीन चालवायला शिकलीस तरी का गं?"

"कुठलं! सुईत दोरा ओवता येत नाही मला. आईचा हात लागलेली वस्तू, सोडवेना."

ताईंनी आपली पिशवी बहिणीच्या हाती दिली.

मेट्रनबाईंनी मला सोबत न्यायला परवानगी दिली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरात शिरले. मशीन हाताने फिरवायचे होते. धाकटी दांडा फिरवी, ताई माझ्यावर बसून कापड सरकवीत.

"अगं हळू, गाडी हाकतेयस का?"

"तूच शिकवलंस असं!"

त्या मशीनवर सर्वांत आधी शिवली गेली ती माझी नवी बैठक, जाड निळ्या कापडाची. धाकटीच्या नवऱ्याने चाकाला तेल घातले. इतके लाड माझे कुणी केले नव्हते.

प्लास्टर निघाल्यावर ताई बहिणीच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्याच घरात त्यांनी पहिले पाऊल टाकले.

"पाय जुळला आणि शब्द मोडला," त्या म्हणाल्या.

"मोडू दे मेला," धाकटी म्हणाली.

आता मी पुन्हा कामावर आहे. त्या दोघींचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, तुमचे कुणी इस्पितळातून घरी निघाले असेल, तर बाहेर हॉर्न वाजवत थांबू नका. रुसवा असला तरी आत या आणि मला स्वतः ढकला. मला फक्त दारापर्यंतच नेता येते. तिथून पुढे तुम्हीच हवेत.